नळाचे विम्लधर्मी पाणी आणि शोभिवंत मासे



परसातील शोभिवंत मत्स्यपालनाविषयी आपल्या कार्यक्रमात बोलणे झाले, त्यानंतर पुष्कळ पत्रे आली. त्यांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा दिसतो. "आमच्या नळाच्या पाण्याचा सामू आठच्या वर आहे. या पाण्यात मासे जगतील का? सामू खाली आणायला काय टाकावे?" प्रश्न सरळ आहे. पण उत्तर देण्याआधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, म्हणजे तीच चूक तुमच्या हातून होणार नाही.

आमच्या भागातल्या एका कोरडवाहू गावातील एक तरुण. ज्वारी-तुरीवर भागेना म्हणून त्याने गोठ्यालगतच्या पडवीत काचेच्या दहा टाक्या मांडल्या. भांडवल आईच्या बचत गटातून कर्जाऊ घेतलेले. भाव बरा मिळतो म्हणून त्याने एंजल आणि निऑन टेट्रा जातीचे मासे आणले. गावच्या नळाला विंधन विहिरीचे पाणी; सामू ८.४. त्याने मला फोनवर विचारले आणि मी घाईघाईत सांगून टाकले, "या माशांना एवढा सामू चालायचा नाही, सातपर्यंत खाली आण." कशाने आणायचा, किती दिवसांत आणायचा, हे मी सांगितले नाही आणि त्यानेही विचारले नाही. घरात ठिबकच्या नळ्या साफ करायला आणलेले आम्ल होतेच. ते पातळ करून तो रोज संध्याकाळी थोडे थोडे टाकू लागला.

तीन आठवडे मासे बरे होते. पुढे पाणी पिवळट दिसू लागले, वासही येऊ लागला. म्हणून एका रविवारी त्याने सगळ्या टाक्यांतले निम्मे पाणी काढले आणि नळाचे ताजे पाणी भरले. त्याच रात्री मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले. तिसऱ्या दिवसापर्यंत निम्म्याहून अधिक मेले. त्याचा फोन आला तेव्हा तो रागावलेला नव्हता, चक्रावलेला होता. म्हणाला, "साहेब, घाण पाण्यात जगले आणि स्वच्छ पाण्यात मेले. हे कसं काय?"

या प्रश्नाचे उत्तर नीट समजले, तर विम्लधर्मी पाण्यात मासे कसे सांभाळायचे हे बरेचसे समजले म्हणून समजा.

सामू आणि त्याच्यामागची ताकद

सामू, म्हणजे ज्याला आपण पी.एच. म्हणतो, तो माती परीक्षणाच्या पत्रिकेमुळे तुम्हाला ओळखीचा आहे. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, त्यावर विम्लधर्मी. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. सामूचा एक अंक म्हणजे दहा पटींचा फरक. सामू ७ वरून ८ वर गेला की पाण्यातली आम्लता एकदशांश उरते. म्हणून "एकाच अंकाचा तर फरक आहे" असे म्हणून चालत नाही.

आता हा सामू वर का असतो? आपल्या पठारावर खाली काळा पत्थर आहे. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना तिथला कर्बवायू सोबत घेते आणि पत्थरातून, मुरमातून, चुनखडीतून कॅल्शियम व मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळवत खाली जाते. विंधन विहीर जितकी खोल, तितका बहुतेक ठिकाणी हा साठा जास्त. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बंबाच्या तळाला पांढरी खपली धरते, ते हेच जड पाणी.

या पाण्यात दोन गुण असतात आणि ते वेगळे ओळखले पाहिजेत. पहिला म्हणजे सामू, जो पट्टीवर दिसतो. दुसरा म्हणजे बायकार्बोनेटमुळे आलेली आम्ल पचवण्याची ताकद, जिला विम्लता म्हणतात. ती पट्टीवर दिसत नाही, पण सगळा खेळ तिचाच असतो. चुनखडीच्या जमिनीत सामू उतरावा म्हणून गंधक टाकले तर काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे. जमिनीतला चुना ते आम्ल खाऊन टाकतो आणि सामू होता तिथेच राहतो. काचेच्या टाकीतही तसेच घडते.

आम्ल ओतून सामू टिकत का नाही

जड पाण्यात आम्ल टाकले की ते बायकार्बोनेटशी लढते आणि कर्बवायू तयार होतो. हा वायू पाण्यात असतो तोवर सामू खाली दिसतो. हवेच्या पंपाचे बुडबुडे त्याला रात्रीतून बाहेर काढतात आणि सकाळी सामू पुन्हा वर चढतो. मग संध्याकाळी पुन्हा आम्ल. माशांच्या वाट्याला येते ते रोजचे वर-खाली. माशाला किंचित जास्त सामू सोसतो. रोज बदलणारा सामू सोसत नाही.

बरे, असे रोज आम्ल टाकत गेले की एक दिवस विम्लतेचा साठा संपतो. त्या दिवशी नेहमीचेच माप टाकले तरी सामू एकदम सहाच्याही खाली कोसळतो, कारण आता आम्ल पचवायला पाण्यात काही उरलेले नसते.

लिंबाचा रस, चिंचेचे पाणी, व्हिनेगर ही घरगुती आम्लेही याच वाटेने जातात. शिवाय त्यांवर जिवाणू माजतात, पाणी गढूळ होते आणि प्राणवायू कमी पडतो. तुरटीने सामू उतरतो खरा, पण तिच्यातले ॲल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना बाधते. खाण्याच्या सोड्याविषयीही गैरसमज आहे. सोड्याने सामू उतरत नाही, विम्लता वाढते. ठिबकचे आम्ल ठिबकलाच ठेवावे. ते हाताळताना हातमोजे घालावेत आणि आम्लात पाणी कधीही ओतू नये.

स्वच्छ पाण्यात मासे का मेले

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येऊ. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनिया तयार होतो. टाकी जुनी व मुरलेली असेल, तर गाळणीत आणि वाळूत वाढलेले जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी. पण हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्याच्या टाक्या तीन आठवड्यांच्या होत्या. त्यातून त्याने सामू सातवर आणून ठेवला होता, आणि सामू व विम्लता उतरली की हे जिवाणूही मंदावतात. म्हणजे पाण्यात अमोनिया साठत होता.

मग मासे तीन आठवडे जगले कसे? कारण पाण्यात अमोनियाची दोन रूपे असतात. एक अमोनियम, ते बरेचसे निरुपद्रवी. दुसरा मोकळा अमोनिया, तो विषारी. कोणते रूप किती राहणार, हे सामू ठरवतो. पाण्याचे तापमान २५ अंश सेल्सिअस असेल, तर एकूण अमोनियापैकी विषारी भाग असा असतो:

सामू ७ असताना शेकडा अर्ध्याच्या थोडा वर.
सामू ८ असताना शेकडा ५.
सामू ८.५ असताना शेकडा १५.
सामू ९ असताना शेकडा ३६.

उन्हाळ्यात पाणी तापले की हे आकडे आणखी वाढतात. विम्लधर्मी जमिनीवर युरिया उघडा फेकला तर अमोनिया उडून जातो, म्हणून आपण तो मातीआड करतो. त्यामागचे रसायनशास्त्र हेच आहे. जमिनीत त्याने नत्र वाया जाते, टाकीत त्याने मासे दगावतात.

हिशेब करून पाहू. समजा, त्याच्या टाकीत दर लिटरला ५ मिलिग्रॅम अमोनिया साठला होता. सामू ७ असताना त्यातला विषारी भाग सुमारे ०.०३ मिलिग्रॅम. दर लिटरला ०.०५ मिलिग्रॅमच्या वर गेले की कल्ल्यांना इजा होऊ लागते. म्हणजे मासे काठावर होते, पण तगून होते. त्याने निम्मे पाणी बदलले. एकूण अमोनिया निम्मा, म्हणजे अडीच मिलिग्रॅम झाला. पण नळाच्या पाण्याने सामू ८.२ वर नेला. आता त्याच अमोनियाचा शेकडा ८ भाग विषारी झाला, म्हणजे सुमारे ०.२ मिलिग्रॅम. घाण निम्मी झाली आणि विष मात्र जवळजवळ सात पट वाढले. त्यात सामूची एकदम उडी, आणि नळाच्या पाण्यातल्या टी.सी.एल. पावडरचा क्लोरीन. मासे मेले ते असे.

दोष नळाच्या पाण्याचा नव्हता. तेच पाणी पहिल्या दिवसापासून ठेवले असते आणि त्या पाण्याला जुळणारे मासे आणले असते, तर ही वेळ आली नसती. मी "सामू खाली आण" म्हणालो, त्याऐवजी "कोणते मासे आणतोस?" असे विचारायला हवे होते.

पहिले काम: पाणी तपासा

टाकी मांडण्याआधी पाणी तपासून घ्यावे. नळाखाली बादली धरून लगेच तपासले तर आकडा फसवा येतो. जमिनीखालच्या पाण्यात कर्बवायू दबलेला असतो, त्यामुळे ताज्या पाण्याचा सामू खाली दिसतो. तो वायू उडाला की सामू वर चढतो. म्हणून बादलीभर पाणी २४ तास उघडे ठेवा, शक्य तर त्यात हवेचा पंप सोडा आणि मग तपासा. हा आकडा खरा.

सामू तपासायला पट्टी किंवा थेंबांची बाटली पुरते. पण विम्लता व जडपणा समजण्यासाठी एकदा प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्यावी. कृषि विज्ञान केंद्राकडे किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत चौकशी करा. अहवालात 'टोटल अल्कॅलिनिटी' आणि 'टोटल हार्डनेस' हे दोन रकाने पाहा. पहिला विम्लतेचा, दुसरा जडपणाचा. भारतीय मानकानुसार (आय.एस. १०५००) पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ असावा लागतो. तेव्हा ८.२ किंवा ८.४ आला म्हणून घाबरू नका. ते पाणी खराब नव्हे. एका विशिष्ट तऱ्हेचे आहे, इतकेच.

कोकणातल्या बंधूंनी हे आपल्याला तसेच्या तसे लावून घेऊ नये. जांभ्यातल्या विहिरींचे पाणी बहुधा हलके आणि किंचित आम्लधर्मी असते. तिथे अडचण उलटी, सामू घसरण्याची.

पाण्याला जुळणारे मासे निवडा

जमीन पाहून पीक घेतो, तसे पाणी पाहून मासा निवडावा. चुनखडीच्या रानात चहाचा मळा लावायला कोणी जात नाही.

सामू ७.५ ते ८.४ आणि पाणी जड असेल, तर गप्पी, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल हे पिल्ले देणारे मासे त्यात खुशाल राहतात. मोलीला तर जड पाणीच मानवते. हलक्या पाण्यात ती मलूल होते. गप्पी तुमच्या ओळखीचीच. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य खात्याचे लोक पाण्याच्या साठ्यांत सोडतात तीच. बाजारातले रंगीत गप्पी त्याच जातीचे निवडून वाढवलेले वाण आहेत. गोल्डफिशलाही हे पाणी चालते, मात्र तो घाण फार करतो; त्याला टाकी मोठी हवी. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातील रंगीत सिक्लिड मासे मुळातच आठच्या आसपास सामू असलेल्या पाण्यातले. ते भांडखोर असतात, त्यांची टाकी वेगळी ठेवावी.

निऑन टेट्रा, डिस्कस हे दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातल्या हलक्या, आम्लधर्मी पाण्यातले. एंजलही तिकडचाच, पण पिढ्यान् पिढ्या टाकीत वाढलेला असल्याने मोठा एंजल थोडे जड पाणी सोसतो. त्याची अंडी घेऊन पिल्ले काढायची तर मात्र हलके पाणी लागते. नवशिक्याने या माशांच्या नादी लागू नये. आधी दोन वर्षे गप्पी-मोलीवर हात बसू द्या.

विकत घेताना विक्रेत्याला त्याच्या पाण्याचा सामू विचारा. शक्यतो आपल्याच भागातल्या पाण्यावर वाढलेले मासे घ्या. आणि एक विनंती. नकोसे झालेले मासे ओढ्यात, नदीत सोडू नका. ते तिथे माजतात आणि आपल्या देशी माशांची पिल्ले व खाद्य फस्त करतात.

सामू वाढवणाऱ्या वस्तू टाकीबाहेर काढा

कित्येकदा नळाचे पाणी ८ असते आणि टाकीतले ८.८ होते. मग कारण टाकीतच शोधावे.

१. शोभेसाठी टाकलेले संगमरवराचे तुकडे, शिंपले, शंख, पोवळे, चुनखडी दगड. हे सगळे हळूहळू विरघळतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. दगडावर व्हिनेगरचे किंवा लिंबाच्या रसाचे चार थेंब टाका. बुडबुडे आले तर तो दगड टाकीत नको. आपला काळा पत्थर चालतो. वाळूचीही अशीच परीक्षा घ्यावी.

२. नवी सिमेंटची टाकी. नव्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि सामू दहाच्याही वर जातो. अशी टाकी पाण्याने भरून ठेवावी, दर तीन-चार दिवसांनी पाणी बदलावे आणि हे दोन-तीन आठवडे करावे. केळीच्या खांबाचे तुकडे पाण्यात टाकून टाकी मुरवण्याचीही पद्धत आहे. नंतर पाणी भरून दोन दिवस ठेवा. सामू वाढला नाही तरच मासे सोडा.

३. ऊन आणि शेवाळ. उघड्यावरच्या हिरव्या पाण्यातले शेवाळ दिवसा कर्बवायू खाते, त्यामुळे दुपारी सामू नऊच्या वर जाऊ शकतो आणि पहाटे पुन्हा उतरतो. अशा टाकीची तपासणी सकाळी व दुपारी तीनच्या सुमारास, अशी दोनदा करावी. टाकीवर शेडनेट किंवा पाचटाची सावली करावी.

४. आटलेले पाणी. उन्हाळ्यात पाणी आटते, क्षार मात्र टाकीतच राहतात. ती तूट पुन्हा जड पाण्याने भरली की क्षार साठत जातात. नुसती आटलेली तूट पावसाच्या किंवा शुद्धीकरण यंत्राच्या पाण्याने भरून काढावी.

उतरवायचाच असेल तर पावसाचे पाणी

काही टाक्यांत एंजल वाढवायचे असतील, किंवा तुमच्या पाण्याची विम्लता फारच जास्त असेल, तर आम्लाची वाट सोडा आणि हलके पाणी मिसळा. हलके पाणी दोन ठिकाणी मिळते. एक आकाशातले आणि दुसरे पिण्याच्या पाण्याच्या आर.ओ. यंत्राचे. यंत्राच्या दुसऱ्या नळीतून बाहेर जाणारे पाणी अधिक जड असते, ते टाकीत घालू नये.

मिसळण्याचा हिशेब सोपा आहे. नळाच्या पाण्याची विम्लता ३०० असेल आणि तेवढेच पावसाचे पाणी मिसळले, तर विम्लता १५० होते. एक भाग नळाचे आणि तीन भाग पावसाचे घेतले, तर ७५. सामू मात्र त्या प्रमाणात उतरत नाही. निम्मे-निम्मे मिसळूनही तो तीन-चार दशांशच खाली येतो. त्याने निराश होऊ नका. क्षार निम्मे झाले, हा खरा फायदा. आणि हा उतार टिकाऊ असतो. रात्रीतून परत चढत नाही. नुसत्या पावसाच्या पाण्यावर मासे ठेवू नयेत. त्यात आम्ल पचवण्याची ताकद जवळजवळ नसते, त्यामुळे माशांच्याच घाणीने सामू कोसळतो. मिश्रणात विम्लता ५० च्या खाली जाऊ देऊ नये.

हे पाणी किती लागेल? दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा टाकीत सुमारे ५० लिटर पाणी मावते. अशा दहा टाक्यांचे पाचवा भाग पाणी दर आठवड्याला बदलायचे, तर १०० लिटर लागते. त्यातले निम्मे पावसाचे, म्हणजे आठवड्याला ५० आणि वर्षाला २६०० लिटर. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. म्हणजे २६ चौरस मीटर स्लॅबवर पडलेल्या १०० मिलिमीटर पावसात वर्षाची बेगमी होते. कोरडवाहू भागातही एवढा पाऊस पडतो.

पहिल्या एक-दोन सरींचे पाणी वाहून जाऊ द्यावे, त्यात धूळ आणि पाखरांची विष्ठा असते. जस्ताच्या पत्र्यावरचे पाणी घेऊ नये. हलक्या पाण्यात जस्त उतरते आणि ते माशांना बाधते. सिमेंटचा स्लॅब किंवा स्वच्छ प्लॅस्टिकचा कागद बरा. पाणी झाकणाच्या प्लॅस्टिक टाकीत अंधारात साठवावे.

देशी बदामाची वाळलेली पाने टाकीत टाकण्याची चाल आहे. त्याने पाण्याला चहासारखा रंग येतो, माशांनाही ती मानवतात. पण जड पाण्याचा सामू तेवढ्याने उतरेल अशी आशा धरू नये.

पाणी बदलण्याची रीत

पाणी थोडे बदलावे, पण नेमाने बदलावे. आठवड्यातून एकदा पाचवा भाग, फार तर चौथा. नवे पाणी आदल्या दिवशी पिंपात भरून उघडे ठेवावे, त्यात हवा सोडावी. त्याने टी.सी.एल.चा क्लोरीन निघून जातो, सामू आपल्या जागी येतो आणि पाणी टाकीइतकेच उबदार किंवा गार होते. घाई असेल तर हायपो वापरावा. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम हायपो विरघळवून बाटली भरून ठेवा. क्लोरीन नेहमीच्या प्रमाणात असेल तर ५० लिटर पाण्याला त्यातले २० मिलिलिटर पुरतात. नळाला क्लोरीनचा उग्र वास येत असेल, त्या दिवशी पाणी बदलूच नये.

एखादी टाकी महिनोन् महिने पाणी न बदलता राहिली असेल, तर तिचा सामू आधी तपासा. तो नळाच्या पाण्यापेक्षा बराच खाली असेल, तर एकदम पाणी बदलू नका. रोज दहावा भाग, असे आठवडाभर करा. त्या तरुणाच्या टाकीत जे घडले, ते अशा जुन्या टाकीतही घडते.

गाळणीचा स्पंज नळाखाली धुऊ नये, क्लोरीनने त्यातले उपयोगी जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो खळबळून घ्यावा. खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. विम्लधर्मी पाण्यात जादा खाद्य म्हणजे जादा अमोनिया, हे विसरू नये. टाकीतून काढलेले पाणी कुंड्यांना, भाजीला घालावे. त्यात नत्र असते.

नवे मासे आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी. मग तोंड उघडून पाच-पाच मिनिटांनी वाटीभर टाकीचे पाणी तिच्यात घालावे. अर्ध्या तासात मासे जाळीने उचलून सोडावेत. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. उघडलेली पिशवी तासन् तास ठेवू नये. तिच्यातला कर्बवायू उडून सामू चढतो आणि प्रवासात साठलेला अमोनिया विषारी होतो.

मासे धापा टाकू लागले तर

आधी खाद्य बंद. हवेचा पंप मोठा करा. आम्ल, मीठ, औषध असे काही घाईने टाकू नका. अमोनिया व सामू तपासा. अमोनिया आढळला आणि सामू चढलेलाच असेल, तर टाकीतल्या पाण्याशी सामू जुळणारे, क्लोरीन गेलेले पाणी घेऊन रोज चौथा भाग बदला. सामू न हलवता विष पातळ करायचे, हे धोरण. अमोनिया सापडत नाही तोवर नवा मासा आणू नका असे नव्हे, तर तो सापडेनासा होईपर्यंत आणू नका.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. नळाचे पाणी २४ तास उघडे ठेवून मग सामू तपासा. विम्लता आणि जडपणा प्रयोगशाळेतून एकदा काढून घ्या.
२. पाण्याला जुळणारा मासा निवडा. जड पाण्याला गप्पी, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल.
३. सामू स्थिर ठेवा. ८.२ वर स्थिर असलेले पाणी रोज ७ आणि ८ मध्ये झुलणाऱ्या पाण्यापेक्षा बरे.
४. आम्ल, लिंबू, चिंच, तुरटी टाकू नका. उतरवायचेच तर हलके पाणी मिसळा.
५. नव्या टाकीत पहिले सहा आठवडे मासे थोडे आणि खाद्य त्याहून थोडे.
६. एका वेळी पाव टाकीपेक्षा जास्त पाणी बदलू नका.

त्या तरुणाच्या पडवीत आजही दहा टाक्या आहेत. आठ टाक्यांत नळाच्या पाण्यावर गप्पी आणि मोली आहेत, त्यांत काही टाकावे लागत नाही. दोन टाक्यांत पावसाचे पाणी मिसळून तो एंजल ठेवतो; ते त्याच्या हौसेचे आहेत, असे तो म्हणतो. कर्ज अजून फिटलेले नाही, पण बचत गटाचा हप्ता चुकत नाही. त्याच्या भिंतीवर खडूने एक ओळ लिहिलेली आहे: "पाणी बदलण्याआधी सामू बघ." ती मी सांगितलेली नाही. त्याची त्यानेच लिहिली आहे.

तुमच्याकडच्या पाण्याचा सामू किती आहे, कोणते मासे तुम्ही ठेवले आणि काय अनुभव आला, ते पत्राने जरूर कळवा. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यपालनाचा समावेश करण्यात आला होता. सध्या कोणती मदत मिळू शकते, याची चौकशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात करावी. मात्र अर्ज भरण्याआधी बादलीभर पाणी उघडे ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सामू पाहा. पुढचे सगळे त्या आकड्यावरून ठरवायचे आहे.